यकीन, झन्न आणि शक : इमाम गझालींच्या ‘अल्-मुन्किझ’चे पुनर्वाचन

इमाम अबू हामिद अल्-गझाली यांचे ‘अल्-मुन्किझ मिनद्दलाल’ हे पुस्तक आकाराने लहान आहे. उर्दूत त्याचे अनुवाद झाले आहेत, इंग्रजीत मॉन्टगोमेरी वॅट यांचा १९५३ सालचा अनुवाद आजही वाचला जातो, आणि आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्याची एखादी तरी प्रत असते. मात्र बहुतेक ठिकाणी ते ‘नास्तिकतेचे खंडन’ अशा गटात ठेवलेले आढळते. एक थोर आलीम संशयात सापडला, त्यातून सुटला आणि मग त्याने धर्म न मानणाऱ्यांना निरुत्तर केले, असा सारांश विद्यार्थ्यांना सांगितला जातो. हा सारांश अगदीच चुकीचा नाही, पण त्यामुळे पुस्तकातील मुख्य प्रश्न झाकला जातो. माणूस कोणत्या बाजूचा आहे हे गझाली सुरुवातीला विचारतच नाहीत. तो जे म्हणतो ते त्याला कितपत ठाऊक आहे, आणि ते तसे म्हणण्याचा त्याला कोणता अधिकार पोहोचतो, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. आणि तो मानणाऱ्याला व न मानणाऱ्याला सारखाच लागू होतो.

लेखकाची थोडी माहिती आवश्यक आहे. गझाली यांचा जन्म इ.स. १०५८ (हि. ४५०) मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. १०९१ मध्ये वजीर निझाम-उल-मुल्क यांनी त्यांना बगदादच्या मदरसा निझामियात नेमले. त्या काळी अध्यापकाला याहून मोठे पद मिळणे कठीण होते. १०९५ मध्ये ऐन लौकिकात असताना त्यांची वाचा गेली. वर्गात उभे राहून शब्द उच्चारणे अशक्य झाले आणि ते बगदाद सोडून गेले. सुमारे अकरा वर्षांनी नीशापूर येथे ते पुन्हा शिकवू लागले आणि ‘मुन्किझ’ त्यानंतरच्या काळातले आहे. १११३ साल त्यांनी पाहिले नाही. ११११ मध्ये तूस येथेच त्यांचे निधन झाले. वाचा जाण्याचा हा प्रसंग आणि पुस्तकाच्या आरंभी येणारा संशयाचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक परिचयलेखांत निसटते. पहिला पेच ज्ञानाचा होता आणि तो सुमारे दोन महिने टिकला. दुसरा जगण्याचा होता. जे खरे म्हणून ठाऊक आहे, त्याप्रमाणे चालवत का नाही, असा तो पेच होता. ही दोन संकटे एकत्र केली की पुस्तकाचा अर्थ बिघडतो, कारण त्यांतील यकीनही दोन निरनिराळ्या प्रकारचे आहे. त्याचा विचार पुढे येईल.

पहिल्या प्रकरणात गझाली निश्चित ज्ञानाची एक कसोटी ठरवतात. दहा ही संख्या तिनापेक्षा मोठी आहे, हे एखाद्याला ठाऊक आहे. कोणी येऊन म्हणाला की नाही, तीनच मोठे. आणि पुरावा म्हणून हातातल्या काठीचा साप करून दाखवतो. समजा, त्याने खरोखर तसे केले. पाहणारा थक्क होईल, हे याला कसे जमले याचे नवल करील. परंतु दहा तिनापेक्षा मोठे आहे याविषयी त्याच्या मनात तसूभरही शंका येणार नाही. ज्या ज्ञानाला अशी सुरक्षितता नाही ते निश्चित ज्ञान नव्हे, असे गझाली स्पष्ट म्हणतात.

या उदाहरणातील धाडस सहज लक्षात येत नाही. काठीचा साप होणे हा हजरत मूसा (अ.) यांचा मोजिजा आहे, हे प्रत्येक मुस्लिम वाचकाला माहीत असते. गझालींना दुसरा कोणताही चमत्कार घेता आला असता. त्यांनी नेमका हाच घेतला आणि तो संख्येच्या ज्ञानासमोर उभा करून दाखवला की तो ज्ञान हलवू शकत नाही. अर्थात येथे मोजिजा नाकारलेला नाही. चकित होणे वेगळे आणि जाणणे वेगळे, एवढेच सांगितले आहे. वर्गात हा उतारा शिकवताना ज्या विद्यार्थ्याला हे खटकते, त्याने तो नीट वाचला असे समजावे.

यानंतर ही कसोटी ते स्वतःच्याच ज्ञानाला लावतात. इंद्रिये सर्वांत भरवशाची वाटतात, पण सावली स्थिर दिसते आणि ती सरकत असते. तारा दीनाराएवढा दिसतो आणि भूमितीचे पुरावे त्याला पृथ्वीहून मोठा ठरवतात. इंद्रियांना बुद्धीने खोटे पाडले. मग इंद्रियेच जणू विचारतात की, बुद्धी येईपर्यंत तुझा आमच्यावर विश्वास होता. बुद्धीच्याही मागे आणखी एखादा न्यायाधीश असेल आणि तो आला की बुद्धीही खोटी ठरेल, याची तुला काय हमी? स्वप्नात माणूस जे पाहतो ते तेव्हा त्याला खरेच वाटत असते. या प्रश्नाला बुद्धीने उत्तर देता येत नाही, कारण पुरावा रचायचा तर मूलभूत सत्ये लागतात आणि शंका त्यांच्यावरच आहे. त्या दोन महिन्यांत आपण तोंडाने नव्हे, तरी अवस्थेने सोफिस्तच होतो, अशी कबुली गझाली देतात.

देकार्तच्या १६४१ मधील चिंतनांशी या भागाची तुलना पुष्कळांनी केली आहे. ती येथे लांबवण्याचे कारण नाही. फरक एवढाच महत्त्वाचा की देकार्त युक्तिवादाने बाहेर पडतो. गझाली तसे पडले नाहीत आणि तसा दावाही करीत नाहीत. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या एका नूरने आपण बरे झालो, रचलेल्या पुराव्याने नव्हे, असे ते लिहितात. ‘बरे झालो’ हा शब्दही बघण्यासारखा आहे. ते संशयाला आजार म्हणतात, गुन्हा म्हणत नाहीत.

समीक्षकाला येथे थांबावे लागते. ज्याला तो नूर मिळाला नाही त्याने काय करावे? पुस्तकात याचे उत्तर नाही. काही अभ्यासक याला गझालींचे अपयश मानतात. हे अपयश नसून प्रामाणिकपणा आहे. मात्र त्याची एक किंमत आहे आणि ती गझालींच्या अनुयायांनी सहसा चुकवलेली नाही. स्वतःची सुटका पुराव्याने झाली नाही असे जो म्हणतो, त्याला दुसऱ्याच्या न सुटण्याबद्दल पुराव्याच्या थाटात निकाल देता येत नाही.

आता यकीनच्या दोन प्रकारांकडे वळू. ‘इह्या उलूमिद्दीन’च्या पहिल्या भागात, म्हणजे ‘किताबुल इल्म’मध्ये, गझालींनी या शब्दाची जी फोड केली आहे, तिच्याशिवाय ‘मुन्किझ’ पुरते समजत नाही. कलामचे विद्वान आणि तत्त्वज्ञ यकीन म्हणतात तेव्हा त्यांना संशयाचा अभाव अभिप्रेत असतो. तेथवर पोहोचण्याच्या चार अवस्था गझाली सांगतात. मन दोन्हीकडे सारखेच असेल तर तो शक. एकीकडे झुकले, पण उलट शक्यता दिसत असेल तर ते झन्न. तिसऱ्या अवस्थेत उलट शक्यता मनात येतच नाही. मात्र ती कोणी नीट समजावून दिली तर नाकारताही येणार नाही. सामान्य लोकांच्या बहुतेक श्रद्धा या जातीच्या असतात, प्रत्येक पंथ आपलाच इमाम बरोबर असल्याबद्दल निश्चिंत असतो, हे गझाली येथेच नोंदवतात. चौथे खरे यकीन पुराव्यावर उभे असते आणि त्यात संशयाची कल्पनाही करता येत नाही. तर्कशास्त्राचे ग्रंथ यात ‘वहम’ची भर घालतात. झन्नच्या विरुद्ध असलेली, कमी संभाव्य बाजू म्हणजे वहम. मराठीने हाच शब्द ‘वहीम’ म्हणून घेतला आणि चोरीच्या संशयाला जोडून टाकला. ‘शक’चेही तसेच झाले. मोजमापाचे शब्द आपल्याकडे येऊन आरोपाचे शब्द बनले, ही गोष्ट भाषाशिक्षकांनी विचारात घ्यावी अशी आहे.

फकीह आणि सूफी मात्र यकीन हा शब्द दुसऱ्याच अर्थाने वापरतात. अमक्याचे मृत्यूवरचे यकीन दुबळे आहे, असे ते म्हणतात. मृत्यूबद्दल शंका तर कोणालाच नसते. मग दुबळे काय? ते ज्ञान मनावर सत्ता गाजवत नाही, हे दुबळेपण. या अर्थी यकीन कमी-जास्त होऊ शकते. पहिल्या अर्थी होऊ शकत नाही. मराठीतील ‘खात्री’ हा शब्द मूळ अरबी ‘खातिर’, म्हणजे मन, यावरून आला आहे, आणि ‘खातरजमा’ म्हणजे मन गोळा होणे, ठिकाणावर येणे. म्हणून ‘माझी खात्री आहे’ असे मराठीत म्हटले की ते मनाच्या अवस्थेविषयीचे विधान होते, पुराव्याविषयीचे नव्हे. दोन खात्रीशीर माणसे समोरासमोर ओरडत असतात तेव्हा बहुधा दोघेही दुसऱ्या अर्थाच्या बळावर पहिल्याचा दावा करीत असतात.

हा भेद गझालींनी हवेतून काढलेला नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २६०) हजरत इब्राहीम (अ.) मृतांना कसे जिवंत केले जाते ते दाखवण्याची विनंती करतात. तुझा विश्वास नाही काय, असे विचारले जाते. विश्वास आहे, पण मनाची शांती व्हावी म्हणून, असा त्या उत्तराचा आशय आहे. आणि त्यांच्या या मागणीला रागाने उत्तर दिले जात नाही. दुसरीकडे सूरह जासियामध्ये (आयत २४), आपल्याला फक्त काळच, म्हणजे ‘दहर’, नष्ट करतो असे म्हणणाऱ्यांचा उल्लेख येतो. ‘दहरिया’ या शब्दाचा संबंध याच ‘दहर’शी आहे. त्यांच्यावरील आक्षेप कोणत्या शब्दांत ठेवला आहे? त्यांना याचे ज्ञान नाही, ते केवळ अंदाज करतात, असा. म्हणजे झन्नला इल्म म्हणून पुढे करण्यावर बोट ठेवलेले आहे. हे जर दोषाचे स्वरूप असेल, तर उलट बाजूने झन्नला इल्म म्हणणाऱ्यालाही त्यातून सूट मिळण्याचे कारण दिसत नाही.

गझालींनी ती सूट दिलेली नाही. ‘मुन्किझ’मधील गणिताविषयीचा उतारा या दृष्टीने पुस्तकाचे हृदय आहे, आणि गझालींमुळे मुस्लिम जगात विज्ञान थांबले असे ठोकून देणाऱ्यांनी तो एकदा तरी वाचावा. गणितातून दोन आपत्ती उद्भवतात, असे ते म्हणतात. पहिली अशी : कोणी गणिताचे काटेकोर पुरावे पाहतो, तत्त्वज्ञांवर खूश होतो, आणि त्यांची सर्वच शास्त्रे इतकीच पक्की असतील असे धरून चालतो. मग ते धर्म मानत नाहीत असे ऐकले की तोही मानेनासा होतो. धर्म खरा असता तर एवढ्या बारकाईच्या लोकांना तो कळला नसता काय, असा त्याचा हिशेब. गझाली याला तकलीद म्हणतात. आंधळे अनुकरण हा शब्द एरवी श्रद्धाळूंसाठी राखून ठेवलेला असतो. येथे तो न मानणाऱ्याच्या पदरात पडला आहे. गणितातील यकीन गणिताचे आहे. ते तत्त्वमीमांसेला उसने देता येत नाही.

दुसरी आपत्ती इस्लामच्या अडाणी मित्राकडून येते. धर्माचे रक्षण म्हणजे तत्त्वज्ञांचे प्रत्येक शास्त्र नाकारणे, अशी त्याची समजूत असते. ग्रहणाविषयीचे त्यांचे गणितही तो खोटे ठरवतो. ज्याला ग्रहण कसे लागते हे पक्क्या पुराव्याने ठाऊक आहे, तो हे ऐकून आपल्या पुराव्यावर शंका घेत नाही. तो असा निष्कर्ष काढतो की इस्लामचा पाया अज्ञानावर आहे. धर्माची हानी या मित्राने जितकी केली तितकी थोड्यांनीच केली असेल, असा गझालींचा रोख आहे. दहा आणि तिनाचे उदाहरण येथे पुन्हा कामी येते. ग्रहणाचे गणित दहाच्या जातीचे आहे. त्याच्यासमोर कोणीही कोणतीही काठी टाकली तरी ते हलणार नाही, उलट टाकणाराच हास्यास्पद होईल. नऊशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आज आपल्या परिसरातील किती व्याख्यानांना लागू पडतो, ते वाचकांनीच पाहावे.

पैगंबरी कशी ओळखावी, या प्रकरणात ती काठी पुन्हा येते. एखादा माणूस वैद्य किंवा फकीह आहे की नाही हे त्या शास्त्राची ओळख असणारा त्याच्या कामावरून ठरवतो. इमाम शाफई यांचे फकीह असणे आणि गॅलनचे वैद्य असणे याच रीतीने कळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची पैगंबरीही त्यांची शिकवण आचरून, पुनःपुन्हा पडताळून कळते. काठीचा साप होणे किंवा चंद्र दुभंगणे यांतून ही खात्री शोधू नका, असे गझाली सांगतात, कारण तेवढ्याच गोष्टीकडे पाहिले तर ती जादू आहे असेही वाटू शकते. अनेक खुणा एकत्र येऊन जे यकीन बनते, त्यातील एक विशिष्ट खूण काढून दाखवता येत नाही. जसे पुष्कळांच्या तोंडून ऐकलेली बातमी पक्की ठरते, पण ती अमक्या एकाच्या सांगण्याने पक्की झाली असे म्हणता येत नाही. हे संख्येचे यकीन नव्हे. तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेच्या मधोमध कुठेतरी ते बसते, आणि गझालींनी त्याची जागा नेमकी सांगितली असती तर बरे झाले असते.

उणीव आहे ती आणखी एका ठिकाणी. तत्त्वज्ञांचे वर्ग सांगताना दहरियांना ते काही वाक्यांत आटोपतात : हे निर्माता मानत नाहीत, जग असेच चालत आले म्हणतात, हे झिंदीक. पुढे. ज्याने पहिल्या प्रकरणात बुद्धीलाही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याच्याकडून ही घाई अपेक्षित नव्हती. ‘तहाफुतुल फलासिफा’त तर वीस प्रश्नांची चर्चा करून त्यांपैकी तीन मुद्द्यांवर – जगाचे अनादित्व, अल्लाहला तपशिलांचे ज्ञान नसणे आणि देहासह पुनरुत्थान न होणे – तत्त्वज्ञांना थेट कुफ्रचा निकाल दिला आहे. नंतरच्या ‘फैसलुत्तफरिका’त असे निकाल देताना जीभ आवरण्याचा उपदेश त्यांनी केला, तोही विचारात घ्यावा लागतो. पण घराघरांत पोहोचला तो निकाल. उपदेश ग्रंथालयात राहिला.

इक्बाल यांनी मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ येथे दिलेल्या इंग्रजी व्याख्यानांत गझालींची तुलना कांटशी केली. बुद्धिवादाचा उथळ गर्व दोघांनीही मोडला, हे त्यांनी मान्य केले. मात्र विचार आणि अंतःप्रेरणा यांचे मूळ नाते गझालींनी तोडले, असा आक्षेपही घेतला. आक्षेप वजनदार आहे. तरी इक्बाल जो धागा जोडू पाहतात तो जोडताना यकीनचे दोन अर्थ पुन्हा एकमेकांत मिसळतात, आणि ते वेगळे ठेवण्यातच गझालींचे मोठेपण होते.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्यांपुढे यातून परिभाषेचा प्रश्न उभा राहतो. मराठीतील ‘नास्तिक’ म्हणजे दहरिया नव्हे. जुन्या संस्कृत परंपरेत वेद न मानणारा तो नास्तिक. ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांतच मोजले गेले. ‘मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यासाठी मात्र अरबी-उर्दूत जुना शब्द आहे. दर्स-ए-निझामीत शिकवल्या जाणाऱ्या तफ्ताझानी यांच्या ‘शरह अकाइद’मध्ये सोफिस्तांच्या तीन गटांत ‘लाअदरिया’ हा एक आहे. नसफी यांचा अकीद्याचा तो मूळ ग्रंथ वस्तू सत्य आहेत आणि त्यांचे ज्ञान होऊ शकते, या विधानाने सुरू होतो; मग इंद्रिये, खरी वार्ता आणि बुद्धी ही ज्ञानाची तीन साधने सांगतो. ईश्वराचे प्रकरण त्यानंतर. हा क्रम अनेक पाठ्यपुस्तकांनी उलटा केला आहे.

इंग्लंडात हक्सलेने १८६९ मध्ये यासाठी नवा शब्द घडवला, तो पुराव्याविना निश्चिततेचा दावा करू नये या तत्त्वासाठी. मराठीत त्याचे ‘अज्ञेयवादी’ झाले, आणि गोपाळ गणेश आगरकरांना (१८५६-१८९५) हे विशेषण कायमचे चिकटले. ‘सुधारक’कार स्पेन्सरचे वाचक होते, आणि स्पेन्सर मूलतत्त्वाला अज्ञेय म्हणत असे. परंतु ‘अज्ञेय’ म्हणजे जाणता न येण्याजोगे. तो स्वतःच एक मोठा दावा झाला. ‘लाअदरी’ म्हणजे फक्त, मी जाणत नाही. एक विधान जगाविषयी आहे, दुसरे बोलणाऱ्याविषयी. रसेलने १९४७ मध्ये लिहिले की तत्त्वज्ञांच्या सभेत तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणेल, रस्त्यावरच्या माणसाला मात्र नास्तिक म्हणून सांगेल, कारण ग्रीक देवतांचे नसणेही काटेकोरपणे सिद्ध करता येत नाही. तो बोलत होता ते यकीन आणि झन्न यांच्यातील अंतराविषयी. शब्द त्याच्याकडे अपुरे होते. रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ मध्ये सात पायऱ्यांची श्रेणी मांडली आणि स्वतःला सातव्याकडे झुकलेल्या सहाव्या पायरीवर ठेवले. आपण सातवर नाही हे सांगणे सचोटीचे आहे. पण ही श्रेणी एकाच रेषेवर आहे : एका टोकाला पक्का मानणारा, दुसऱ्या टोकाला पक्का न मानणारा. पाचवर असलेला माणूस तेथे स्वतः विचार करून पोहोचला की कोणाचे तरी ऐकून, हे त्या रेषेवर दिसत नाही. ‘इह्या’तील तिसऱ्या अवस्थेला तेथे जागाच नाही, आणि दोन्ही टोकांना उभी असलेली बहुतेक माणसे त्याच अवस्थेतील असतात.

‘मुन्किझ’चा मराठी अनुवाद करताना पहिल्या प्रकरणातील यकीनसाठी ‘निश्चित ज्ञान’ आणि सूफींच्या प्रकरणातील अर्थासाठी ‘खातरजमा’ असे दोन शब्द योजावे लागतील. एकच ‘विश्वास’ सगळीकडे वापरला तर पुस्तक प्रवचन होऊन बसेल. ‘लाअदरिया’ला ‘अज्ञेयवादी’ करू नये. ‘ठाऊक नाही म्हणणारे’ एवढे साधे भाषांतर पुरते, आणि वर्गात जो विद्यार्थी तसे म्हणतो त्याच्यासाठीही तोच शब्द ठीक आहे.